घोट्यावरची वाळू : सर्फिंग शिकवणाऱ्या माझ्या गुरूंस

प्रिय सर,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचे नाव नाही, कारण ते असे चारचौघांत आलेले तुम्हाला रुचणार नाही हे मी जाणते. तरीही पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल अशी माझी खात्री आहे. तुमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात मराठी वाचणारी माणसे घरोघरी आहेत, आणि मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर पन्नाशी उलटलेल्या, एका गुडघ्याने अधू असलेल्या पुण्याच्या बाईला लाटेवर उभे करणारे शिक्षक काही शेकड्याने नसावेत.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर पैसे भरून हेच शिकायला गेले होते. त्या ठिकाणाचे नाव घेत नाही. घेतले तरी त्यांना काही वाटेल असे वाटत नाही. नोंदणीच्या अर्जात प्रकृतीविषयी एक रकाना होता आणि स्कूटरच्या अपघातानंतर माझा उजवा गुडघा पुरता वाकत नाही, असे मी त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. तो रकाना कोणी वाचलाच नव्हता. बोर्डाची दोरी घोट्याला बांधायची वेळ आली आणि मला खाली वाकता येईना, तेव्हा तिथल्या शिक्षकाने साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी हाळी दिली, ‘अरे, काकूंचा गुडघा गेलाय, कोणीतरी पट्टा बांधा रे!’ जी मुले हसली ती वाईट नव्हती. मोठ्या माणसाने हसण्याची मुभा दिली की त्या वयात हसू येतेच. पुढे दोघांनी मला दंडांना धरून बोर्डावर उभे केले, तिसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण केले आणि शिकवणी संपली. समुद्राविषयी एक अक्षर कोणी सांगितले नाही. निघताना, हा तरुणांचा खेळ आहे, अशी माझी समजूतही घालण्यात आली. अमेरिकेचा सर्फर केली स्लेटर याने २०२२ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवरील पाइपलाइन या नावाजलेल्या लाटेवरची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याचा पन्नासावा वाढदिवस आठवड्याच्या आत येऊन ठेपला होता, हे मला तेव्हा ठाऊक असते तर ऐकवले असते. अर्थात तो अकरा वेळा जगज्जेता ठरलेला माणूस, आणि मी टिळक तलावात पोहायला शिकलेली. पण वयाचाच मुद्दा असेल तर वयापुरता तो खोडायला हवा.

तुमच्याकडे मी आले ती हा राग मनात घेऊनच, आणि या वेळी अर्जात गुडघ्याचा उल्लेखही करायचा नाही असे ठरवून. तुम्ही काही विचारले नाही. मी सपाता काढण्यासाठी वाळूत न बसता नारळाच्या आडव्या पडलेल्या खोडावर टेकले, एवढेच तुम्ही पाहिले असावे. बोर्डावर कोणता पाय मागे ठेवणार, म्हणजे दोरी कोणत्या पायाला, हे आम्हा सर्वांना विचारून झाल्यावर तुम्ही सरळ माझ्याजवळ आलात, ओल्या वाळूत गुडघे टेकून बसलात, ओंजळीत समुद्राचे पाणी घेऊन माझ्या उजव्या घोट्यावरची वाळू धुतलीत आणि मग पट्टा बांधलात. पट्ट्याखाली वाळू राहिली की तासाभरात कातडी सोलवटते, एवढेच तुम्ही म्हणालात. दोरी पायात येऊ नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला वळवलीत, आणि उठून शेजारच्या मुलाकडे गेलात. त्याच्याही घोट्यावरची वाळू तुम्ही धुतलीत. त्याच्यानंतरच्या मुलीचीही. ओळीतल्या प्रत्येकाचा पट्टा तुम्ही स्वतः बांधलात, म्हणून ही तुमची पद्धतच असेल असे समजून मी निश्चिंत झाले.

खरा प्रकार मला तिसऱ्या दिवशी कळला. बंगळूरुहून आलेला एक मुलगा न्याहारीच्या वेळी सहज बोलून गेला, की आधीच्या आठवड्यात प्रत्येक जण आपापला पट्टा बांधत होता, सर या आठवड्यातच का बांधू लागले कोण जाणे. माझ्या हातातला पाव तसाच राहिला. एका बाईला वाकता येत नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये, एवढ्यासाठी तुम्ही रोज सकाळी त्या साऱ्या धडधाकट मुलांच्या पायांशी बसत होता.

आपल्याकडे शिष्याने गुरूच्या पायांशी वाकायचे असते. तुम्ही वयाने माझ्या मुलाएवढे, आणि तरी तुमच्यासमोर मला ‘अरे-तुरे’ कधी जमले नाही, ते त्या सकाळपासून. मदत करणारे पुष्कळ भेटतात, परंतु बहुतेकांची मदत आवाज करत येते आणि घेणाऱ्याला तिची किंमत चारचौघांच्या नजरांत मोजावी लागते. म्हातारे माणूस पायरीवर चाचपडत असताना तिकिटाच्या यंत्राशी उगाच खटपट करत बस थांबवून धरणारा एसटीचा वाहक मी पाहिला आहे. समोरच्याला वाचता येत नाही हे ओळखून, जणू स्वतःच्याच खातरजमेसाठी अर्ज मोठ्याने वाचणारा बँकेतला कारकूनही पाहिला आहे. अशा माणसांचे कोणी सत्कार करत नाही, कारण त्यांनी काही केले हेच मुळी कोणाला कळत नाही. तुमची गणना मी त्यांच्यात करते.

तुमची शिकवणीही याच स्वभावाची होती. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. सकाळचा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा लाटेची भिंत गुळगुळीत ठेवतो आणि ऊन चढल्यावर समुद्राकडून येणारा खारा वारा तीच भिंत विस्कटून टाकतो, म्हणून वर्ग इतक्या सकाळी, हे तुम्ही बोटाने दाखवून दिलेत. ज्या पट्ट्यात लाट फुटत नाही तो नवख्याला शांत वाटतो, पण किनाऱ्याचे पाणी पुन्हा समुद्रात जाते ते बहुधा तिथूनच. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे, हे तुम्ही बोर्ड हातात देण्यापूर्वी आमच्याकडून वदवून घेतलेत. पाणी वाचण्याची ही विद्या तुमच्या घरात रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, किनाऱ्यावरून ओढणाऱ्या आजोबांपासून आहे असे ऐकले. पडताना उथळ पाण्यात सपाट पडावे आणि वर येताना हात डोक्यावर धरावेत, हेही तुम्हीच शिकवलेत, आणि त्याचा सराव मी इतरांपेक्षा बराच जास्त केला.

गुडघ्याविषयी तुम्ही एकदाच बोललात, तेही माझ्या बोर्डाशेजारी छातीभर पाण्यात, जिथे लाटांच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू येणे शक्य नव्हते. ‘ताई, उजवा पाय नुसता मागे टेकवा, वाकण्याचे काम डाव्याला करू द्या.’ दोन्ही पाय एका झटक्यात छातीखाली घेण्याची जी उडी बाकीचे मारत होते, तिच्याऐवजी मी एकेक पाय टेकवत उभी राहू लागले, आणि एका सकाळी खरोखरच उभी राहिले. लाट आधीच फुटलेली, नुसता पांढरा फेस, उंची मांडीएवढी. मागे वळून पाहिले तर तुम्ही टाळ्या वाजवत नव्हता. ‘डावा पाय वीतभर पुढे हवा होता,’ असे म्हणून तुम्ही बोर्ड पुन्हा समुद्राकडे वळवलात. त्या वाक्याने मला जितका आनंद झाला तितका उभे राहण्यानेही झाला नसेल, कारण इतर मुलांच्या चुका तुम्ही ज्या स्वरात सांगत होता, त्याच स्वरात माझीही सांगितलीत.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तुमचे वर्ग बंद असतात, तेव्हा आता ऑक्टोबर संपता संपता येईन म्हणते. सोबत माझी नणंदही आहे. तिचे काय दुखते ते इथे लिहीत नाही. ती सपाता काढील तेव्हा तुम्हाला कळेलच. नऊ फुटी मऊ बोर्ड दोघींसाठी राखून ठेवावेत, आणि मागच्या वेळी शेवटच्या दिवसाचे पैसे घ्यायचे तुम्ही ‘विसरलात’, ते या वेळी आधी घ्यावेत.

आपली कृतज्ञ,
उजवा पाय मागे ठेवणारी एक विद्यार्थिनी,
पुणे