स्पिटफायरला मागची सीट नव्हतीच

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही तो लेख छापलात ना, आजकालचे पायलट टीव्हीसाठी दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान चालवायला शिकतात तो, मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा दुपारी नातवाला मोठ्याने वाचून दाखवला. लेख चांगलाय, फोटो तर झकास. पण त्यात एक वाक्य होतं की या पायलटांना अगदी १९४० च्या पोरांसारखंच, मागच्या सीटवर मास्तर बसवून शिकवलं, आणि तिथे माझा घास अडकला. साहेब, १९४० साली स्पिटफायरला मागची सीटच नव्हती. एक विमान, एक सीट, एक माणूस.

आधीच सांगून टाकतो की मी पायलट नाही, नाहीतर लोकं म्हणतील म्हातारा फेकतोय. मी एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, सुरुवातीची काही वर्षं बिदरला काढली, तिथे कॅडेट लोकांना उडायला शिकवायचे आणि आमच्याकडे एचटी-२ होतं. आपल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने (आताची हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवलेलं, १९५१ ला पहिल्यांदा उडालेलं, दोन सीटचं, १५५ हॉर्सपॉवरचं साधं ट्रेनर. स्पिटफायरपुढे म्हणजे मोपेडच. पण एका बाबतीत दोघं एकाच जातीची, दोघांचं तिसरं चाक शेपटीखाली.

हे शेपटीखालचं चाक म्हणजे काय भानगड आहे ते तुमच्या लेखात एका ओळीत उरकलं, खरं तर सगळा घोळ तिथेच आहे. आजच्या विमानांना चाक नाकाखाली असतं, जमिनीवर विमान सपाट उभं राहतं आणि पायलटला समोरचा रनवे कारमधून दिसतो तसा दिसतो. शेपटीला चाक असलं की विमान नाक वर करून बसतं, आणि स्पिटफायरचं नाक म्हणजे त्यात २७ लिटरचं बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन, त्यामुळे समोर फक्त बॉनेट दिसतं, रनवे दिसतच नाही. म्हणून जमिनीवर चालवताना नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडे वळून खिडकीतून बघायचं, एकदा उजवीकडे. उतरतानाही सरळ येऊन चालत नाही, वळत वळत यायचं म्हणजे शेवटपर्यंत रनवे दिसत राहतो. त्यात चाकं एकमेकांच्या जवळ, आणि जमिनीवर विमान पायाखालच्या पेडलने वळवायचं, त्यामुळे जरा पाय चुकला की विमान जागच्या जागी गिरकी घेतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. आमच्या एचटी-२ वर कॅडेटने ग्राउंड लूप केला की पंख घासायचा आणि आमची संध्याकाळ जायची, मी किती वेळा मेस चुकवलीय त्याला हिशोब नाही.

आजच्या पायलटचे पाय झोपलेले असतात असं आमचे जुने इन्स्ट्रक्टर म्हणायचे, आणि ते ऐंशीच्या दशकात म्हणायचे, आता काय म्हणतील. माझा नातू कॉम्प्युटरवर स्पिटफायर उडवतो, मला म्हणाला आजोबा मी अर्ध्या तासात शिकलो. मी म्हटलं पायाखाली पेडल आहेत का रे तुझ्या? नाहीत. मग तू जे शिकलास ते दुसरंच काहीतरी आहे. स्पिटफायरला थ्रॉटल दिला की पंख्याच्या जोराने नाक डावीकडे पळतं, उजवा पाय दाबून धरावा लागतो, आणि गंमत म्हणजे नंतरच्या मॉडेलना ग्रिफॉन इंजिन लावलं त्याचा पंखा उलटा फिरायचा, त्यामुळे ते उजवीकडे पळायचं. म्हणजे मर्लिनवर मुरलेला माणूस ग्रिफॉनवर बसला आणि सवयीने उजवा पाय दाबला तर गेलाच रनवेच्या बाहेर.

आता तुमच्या लेखातल्या त्या टीव्ही कार्यक्रमाचं. २००४ साली ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर तो आला होता, माझ्या पुतण्याने मला कुठूनतरी मिळवून दाखवला, सबटायटल नव्हती त्यामुळे अर्धं इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण विमान समजायला सबटायटल लागत नाही. चार तरुण पायलट घेतले, आधी टायगर मॉथ, मग हार्वर्ड, ही दोन्ही दोन सीटची ट्रेनर विमानं, आणि शेवटी त्यातल्या एकाला स्पिटफायर. हा क्रम बरोबर आहे, युद्धातही साधारण याच पायऱ्या होत्या. टायगर मॉथ १३० हॉर्सपॉवरचं, हार्वर्ड ६०० चं आणि स्पिटफायर एकदम हजाराच्या वर. पण कार्यक्रमातलं स्पिटफायर दोन सीटचं होतं. युद्ध संपल्यावर ते बनवणाऱ्या कंपनीने काही स्पिटफायर ट्रेनिंगसाठी दोन सीटची करून विकली, आयर्लंडने ६ घेतली, आणि आपल्या एअरफोर्सने १० घेतली होती, हे तुमच्या लेखात असतं तर वाचणाऱ्यांना किती बरं वाटलं असतं. तेव्हा टीव्हीवर जे दिसलं ते १९४६ नंतरचं सुख आहे. मागे मुरलेला माणूस बसलाय, त्याच्या हातातही विमान चालवायची दांडी आहे, तुझा पाय चुकला तर त्याचा पाय आहे.

१९४० च्या पोराला काय होतं? हार्वर्डवर मागे मास्तर होता तोपर्यंत होता. मग स्पिटफायरच्या कॉकपिटमध्ये जमिनीवरच बसवायचे, कुठला खटका कुठे ते पाठ करून घ्यायचे, डोळे बांधून हात लावून दाखवायला सांगायचे, एक पुस्तिका वाचायला द्यायचे, आणि मग कुणीतरी पंखावर उभं राहून इंजिन चालू कसं करायचं ते दाखवून खाली उतरायचा. की झालं, पहिलंच उड्डाण एकट्याने. आणि घाई करायलाच लागायची कारण जमिनीवर जास्त वेळ थांबलं तर इंजिन उकळायचं, रेडिएटर पंखाखाली आणि त्याच्या पुढ्यात चाकाचा दांडा आडवा, हवाच लागत नाही. सुरुवातीच्या स्पिटफायरना चाकं आत घ्यायला हाताने पंप मारावा लागायचा, तोही उजव्या बाजूला, म्हणजे उडाल्या उडाल्या दांडी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या हाताने पंप मारायचा, नवीन पोरगा असला की पंपाच्या तालावर डावा हातही हलायचा आणि विमान बेडकासारखं खालीवर उड्या मारत जायचं. खालचे लोक त्यावरून ओळखायचे, हा आज पहिल्यांदा गेलाय.

१९४० च्या त्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी लढाई चालली होती, पायलट कमी पडले म्हणून शेवटचा कोर्स कापत कापत दोन आठवड्यांवर आणला होता, आणि स्पिटफायरवर जेमतेम दहा तास झालेली पोरं स्क्वाड्रनला, म्हणजे लढणाऱ्या तुकडीला, पोहोचायची. दहा तास. आमच्याकडे इतक्या तासांत एचटी-२ सुद्धा एकट्याच्या हातात देताना इन्स्ट्रक्टरच्या कपाळाला घाम यायचा. आणि यांना तर नुसतं उतरवायचं नव्हतं, आठ मशीनगन आणि सगळ्या मिळून जेमतेम पंधरा सेकंदांच्या गोळ्या घेऊन लढायचं होतं. त्या लढाईच्या चार महिन्यांत फायटर कमांडची, म्हणजे ब्रिटिश एअरफोर्सच्या लढाऊ विमानांच्या दलाची, ५४४ माणसं गेली. टीव्हीवर ज्यांची निवड झाली नाही ते तिघं हिरमुसून घरी गेले, मला त्यांचं वाईट नाही वाटलं, घरी गेले ना.

मी कार्यक्रमाला नावं ठेवत नाहीये हं. उलट आजच्या काळात दोन सीटच्या विमानातच शिकवायला पाहिजे, ८० वर्षांची विमानं आहेत, २०२४ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीजवळ ब्रिटिश एअरफोर्सचं स्पिटफायर पडून अनुभवी पायलट गेला, काही काळ त्यांच्या ताफ्यातली सगळी जुनी विमानं खाली बसवली होती. म्हणणं एवढंच की तेव्हाही असंच होतं असं लिहू नका.

मास्तराशिवाय शिकण्याचं खरं उदाहरण बघायचं तर बायकांचं बघा. कारखान्यातून नवीन विमानं तळावर पोहोचवायला ब्रिटनमध्ये एक वेगळं दल होतं, एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, त्यात दीडशेच्या वर बायका होत्या. आज स्पिटफायर, उद्या हरिकेन, परवा दोन इंजिनांचं बॉम्बर, आणि हातात काय तर छोट्या कार्डांची एक चोपडी, प्रत्येक विमानाचं एक पान. ते वाचायचं आणि जायचं. टीव्हीवाल्यांनी यावर कार्यक्रम करावा, पायलटला फक्त ते पान द्या आणि मग कॅमेरा लावा, विमा कंपनी हो म्हणेल का ते सोडा.

आणि आमची जात तर नेहमीसारखी फ्रेमच्या बाहेर. फिटर, विमानाचा सांगाडा बघणारे रिगर, गोळ्या भरणारे आर्मरर, बॅटरीची ट्रॉली ढकलत नेणारे, यांच्याशिवाय एक पंखा फिरत नाही. म्हणून एक गोष्ट सांगतोच. वारा जोरात असला की जमिनीवर चालताना स्पिटफायरची शेपटी उचलली जायची, नाक आपटायची भीती, म्हणून ग्राउंड क्रूमधला कुणीतरी शेपटीवर बसायचा आणि रनवेला पोहोचलं की उतरायचा. १९४५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये हिबल्डस्टोला मार्गारेट हॉर्टन नावाची मुलगी अशी बसली होती, पायलटला पत्ता नाही, त्याने थ्रॉटल दिला आणि तिला उतरायला मिळायच्या आत विमान हवेत. शेपटीला मिठी मारून ती एक चक्कर मारून आली. शेपटी जड का लागतेय हे पायलटला कळेना, पण उतरवलं त्याने नीट, आणि ती जिवंत खाली आली. हे विमान, एबी ९१०, ब्रिटिश एअरफोर्सच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात अजून आहे. माझ्या बायकोला ही गोष्ट मी चाळीस वर्षांत दहादा सांगितली असेल, ती म्हणते त्या मुलीचा पगार वाढवला का ते सांगा आधी.

तुमच्या लेखाखाली "आपल्या वाचकांसाठी" अशी चौकट होती आणि त्यात सगळं लंडनचंच, म्हणून दोन गोष्टी माझ्याकडून घ्या. रॉयल एअरफोर्सची १३२ नंबरची स्क्वाड्रन होती, तिचं नाव सिटी ऑफ बॉम्बे, १९४१ ला स्पिटफायर घेऊन उभी राहिली. १२४ नंबरची बडोदा स्क्वाड्रन, तीही स्पिटफायरची, आपल्या गायकवाडांच्या बडोद्याची. तेव्हा इकडून पैसे गेले की विमानांना आणि स्क्वाड्रनना इकडची नावं मिळायची. पैसेच गेले असंही नाही, १९४० ला इथून २४ पायलट ब्रिटनला गेले, त्यातले मोहिंदरसिंग पुजी पगडी बांधून हरिकेन चालवायचे आणि एक जादा पगडी विमानात ठेवायचे. २०१४ ला इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडमध्ये त्यांचा पुतळा बसवला. आणि अगदी ताजं हवं असेल तर २०१९ ला जगप्रदक्षिणेला निघालेलं ते चंदेरी स्पिटफायर आपल्या नागपूरला उतरलं होतं, तेव्हा मी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरात पडून होतो.

जाता जाता एक विनंती. एचटी-२ वर शिकलेले पायलट आणि ती विमानं ठेवणारे आमच्यासारखे फिटर नाशिक, पुण्याकडे अजून बरेच आहेत, सगळे सत्तरीच्या पुढचे. कुठल्या मराठी चॅनलला आजच्या पायलटला जुन्या विमानात बसवायचं सुचलं तर आम्हाला बोलवा, आम्ही येतो, मानधन नको, गाडीभाडं द्या. विमान मिळालं नाही तरी इंजिनचा आवाज तोंडाने काढून दाखवणारा एक मित्र आहे माझा, दर बैठकीत काढतो.

आणि ती मागची सीट तेवढी पुढच्या रविवारी काढून टाका.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर, नाशिक रोड