2009 च्या त्या विद्यार्थ्यांना, उशिरा का होईना

अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींनो,

मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात, चोलोमा शहरातल्या 1,200 शिलाई कामगारांसाठी तुम्ही झगडलात. त्याचे आभार महाराष्ट्रातून कुणी का मानावेत, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की इथे एखाद्या कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं, नोटीस चिकटली, की कामगारांच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "एकदा बंद झालेला कारखाना परत उघडलाय का कधी कुठे?" या प्रश्नाला "हो" म्हणून सांगता येतील अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं सगळ्यात भक्कम तुमचं आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारखाना जर्जीस दे होंडुरास, कंपनी खेळाचे कपडे बनवणारी रसेल अ‍ॅथलेटिक, तिची मालक फ्रूट ऑफ द लूम आणि तिच्याही वर वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे. कामगारांनी युनियन केली. वाटाघाटी चालू असतानाच ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने बंदची घोषणा केली आणि जानेवारी 2009 संपता संपता कुलूप लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, तुमच्या दबावापुढे, कंपनीने लिहून दिलं की सगळ्यांना परत कामावर घेऊ, भरपाई देऊ आणि होंडुरासमधल्या आपल्या इतर सात कारखान्यांत युनियनला आडकाठी करणार नाही. मधल्या काळात, जूनमध्ये, त्या देशात लष्कराने राष्ट्राध्यक्षांना उचलून देशाबाहेर नेलं होतं, तरीही हा करार झाला. 2010 च्या सुरुवातीला जर्जीस नुएवो दिया या नावाने नवा कारखाना सुरू झाला आणि 2011 मध्ये तिथे वेतनकरारही झाला.

तुमच्या आधी तिथे तपासनीस येऊन गेले होते, हेही लिहायला हवं. ज्या संस्थेच्या मंडळावर ब्रँडवाल्यांचे प्रतिनिधी बसतात, तिने नेमलेल्या तपासणीत निष्कर्ष निघाला की कारखाना धंद्याच्या कारणानेच बंद झाला. छान टाईप केलेला अहवाल. अशा तपासण्या कशा होतात ते आमच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही बाईला विचारा. तारीख आधी कळते, अग्निशामक नळकांडी पुसून ठेवली जातात आणि कामगारांशी बोलणं होतं ते सुपरवायझरच्या केबिनशेजारी.

तुमच्या पिढीआधीच्या विद्यार्थ्यांनी रेटून उभी केलेली वर्कर राइट्स कन्सॉर्शियम ही दुसरी संस्था ब्रँडकडून पैसे घेत नाही. तिने कामगारांच्या साक्षी कारखान्याबाहेर घेतल्या. तेव्हा बाहेर आलं की युनियन केलीत तर कारखाना बंद होईल, असं व्यवस्थापनाची माणसं पुन्हा पुन्हा बजावत होती. साक्ष कुठे बसून घेतली, एवढ्यावर अहवाल फिरतो.

हत्यार तुमच्याकडे होतं ते लायसन्सचं. कपड्यांवर विद्यापीठाचं नाव आणि चिन्ह छापायला कंपनीला विद्यापीठाशी करार करावा लागतो, त्या करारात आचारसंहिता असते आणि तिच्यात संघटना करण्याचं स्वातंत्र्य लिहिलेलं असतं. ते मोडलं की करार मोडता येतो. तुम्ही कुलगुरूंच्या दारात बसलात आणि हार्वर्ड, मिशिगन, स्टॅनफर्ड धरून 96 विद्यापीठांनी रसेलशी करार तोडले किंवा स्थगित केले. (पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत मुलांनी पाठवलेले त्याच विद्यापीठांचे हुडी कपाटात आहेत. त्यांच्या मागे एवढं रामायण आहे हे आईबापांच्या गावीही नसतं.)

पण आभार मानायचे आहेत ते त्या 96 सह्यांसाठी नाहीत. सह्या अखेर मोठ्या पदांवरच्या लोकांनी केल्या. आभार आहेत त्या कागदासाठी, जो घेऊन तुम्ही एनबीएच्या अंतिम सामन्यांबाहेर उभे राहिलात, ऑर्लँडोत आणि लॉस एंजेलिसमध्ये. माणसं बास्केटबॉल बघायला आलेली, तिकिटाला भरपूर पैसे मोजलेली. त्यांच्यापुढे तुम्ही हात केलात आणि ज्या देशाचं नाव त्यांनी क्वचितच घेतलं असेल तिथल्या शिलाई कामगारांबद्दल वाचा म्हणालात. खेळाच्या सामानाच्या दुकानांतही तुम्ही पत्रकं वाटलीत. ज्याने आयुष्यात एकदा तरी गेटवर पत्रकं वाटली आहेत त्याला माहीत असतं, दहातले आठ जण कागद न बघता पुढे जातात, एक जण चुरगाळून टाकतो आणि तरी अकराव्यासाठी हात पुढे करावा लागतो. स्वतःच्या पगारासाठी हे करताना जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही ते परक्याच्या पगारासाठी केलंत. बफे यांच्या ओमाहातल्या घराची कडीही वाजवलीत, ते वेगळं.

हे वाचताना गिरणगाव आठवतंच. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला दिलेली, कामगार गेले दुसऱ्या युनियनकडे, आणि सरकार कायद्याच्या पुस्तकावर बोट ठेवून बसलं. पाठिंबा गावाकडून आला, ज्वारी-तांदूळ आले. पण माल विकत घेणारा, ज्याला आपल्या नावाची लाज वाटेल असा कुणी दूरचा गिऱ्हाईक त्या कापडाला नव्हता. तुमची लढाई नेमकी त्या टोकाला पकडून झाली.

आता इथे जे साथी हे पत्र वाचतील त्यांच्यासाठी चार ओळी, कारण विद्यार्थ्यांची मदत मिळाली तरी इकडचा कागद तयार नसेल तर ती वाया जाते. अमेरिकेत जाणाऱ्या कपड्याच्या लेबलवर देशाचं नाव आणि बहुधा आरएन नंबर असतो. तो नंबर कंपनीचा असतो, त्यावरून कारखाना कळत नाही. म्हणून काम चालू असतानाच लेबल, स्टाईल नंबर, पीओ (खरेदी-ऑर्डर) नंबर आणि खोक्यावरचं स्टिकर यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. कुलूप लागल्यावर हे हाती येत नाही आणि ब्रँड बेधडक सांगतो, "आम्ही तिथून कधीच ऑर्डर काढून घेतली." पुष्कळ ब्रँड आपल्या कारखान्यांची यादी संकेतस्थळावर टाकतात. ती आजच उतरवून ठेवा, बंदनंतर नाव गायब होतं. यादीत नावाचं स्पेलिंग वेगळं असू शकतं, तेव्हा पत्त्यावरून शोधा.

आणि बहिष्काराची हाक घाईने देऊ नका. ऑर्डर तुटली तर मालकाला आयतं निमित्त मिळतं. आधी मागणी काय ते सभेत ठरवून लिहून काढा, पैसे की काम. चोलोमाच्या कामगारांनी काम मागितलं आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या वतीने मध्येच पैशावर तडजोड केली नाही. कायद्याच्या भरवशावर तर राहूच नका. बंदसाठी सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांच्या कारखान्याला. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने तो आकडा तीनशेवर नेला आहे.

मित्रांनो, तुम्ही आता चाळिशीच्या आसपास असाल, नोकऱ्यांत, पोराबाळांत. तुमच्यानंतरच्या मुलांनी 2013 मध्ये इंडोनेशियातल्या किझोन कारखान्याच्या 2,700 कामगारांसाठी आदिदासला हिशेब चुकता करायला लावला, तोही याच रस्त्याने. ऑर्लँडोत वाटलेल्या पत्रकाची एखादी प्रत कुणाच्या जुन्या फायलीत असेल तर फोटो काढून पाठवा. मथळा काय दिला होता आणि पहिल्या दोन ओळींत काय लिहिलं होतं, ते बघायचं आहे. आमची पत्रकं फार लांबतात.

आपले,
महाराष्ट्रातले काही युनियन कार्यकर्ते