विषय: मॉरिशसमधील हाफ मॅरेथॉनच्या सहलीतील सेवात्रुटीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या कंपनीच्या धावपटूंसाठीच्या सहलीतून मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मॉरिशसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर 21.1 किलोमीटरची हाफ मॅरेथॉन धावले. अंतर पूर्ण करूनही निकालपत्रकात माझे नाव नाही, आणि त्याला माझी तयारी नव्हे, तर आपल्या कार्यालयाने काढलेले वेळापत्रक कारणीभूत आहे.

आरक्षणाच्या वेळी ल मॉर्नजवळचे, प्रारंभस्थळापासून दहा मिनिटांवरचे हॉटेल कबूल केले होते. प्रत्यक्षात आमची सोय बेटाच्या उत्तरेला, ग्रां बे येथे झाली. तेथून गाडीने सुमारे दीड तास लागतो. तेही आम्ही निभावून नेले असते. परंतु मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते, आणि आपल्या पत्रकातील ‘पहाटे 4.30 वाजता बस’ ही वेळ भारतीय होती, म्हणजे तेथील 3. शर्यत 5.30 ला सुटणार असताना 4.30 ची बस वेळेत कशी पोहोचणार, असे मी आदल्या दुपारी आपल्या समन्वयकांना फोनवर स्पष्ट विचारले, तेव्हा ‘वेळ बरोबर आहे, काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले. बस आली ती तेथील साडेचारलाच.

आम्ही अकरा जण 6 वाजता पोहोचलो. आयोजकांनी माणुसकीने 6.10 ला आम्हाला सोडले, पण कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची अंतिम वेळ, 9 वाजताचाच राहिला. मी 2 तास 58 मिनिटांत, म्हणजे 9.08 ला अंतिम रेषेवर आले.

उष्ण कटिबंधातल्या समुद्रकाठी चाळीस मिनिटांचा उशीर फार महागात पडतो. हवा दमट असल्याने घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. यासाठीच मी चार महिने दर दुसऱ्या रविवारी पुण्याहून अलिबागला जाऊन सराव केला होता. सुरूच्या झाडांची सावली संपून उसाच्या मळ्यांतला उघडा रस्ता लागला तेव्हा आठ वाजून गेले होते आणि पाण्याची दोन टेबले आवरली गेली होती. आमच्यातील 64 वर्षांच्या एका काकांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ते रस्त्याकडेला बसले, तेव्हा आपला एकही माणूस जवळ नव्हता. माझ्या निकालापेक्षा मला हे अधिक गंभीर वाटते.

परतल्यावर आपल्या कार्यालयाने वेळेची चूक तोंडी मान्य केली आणि पुढील सहलीत दहा टक्के सवलत देऊ केली. ती मला नको. प्रवेशशुल्क व शर्यत-साहाय्याचे मिळून प्रत्येकी 18,500 रुपये आणि हॉटेलच्या दरातील फरक अकराही जणांना पंधरा दिवसांत परत करावा, चूक लेखी कबूल करावी आणि यापुढे प्रत्येक पत्रकावर स्थानिक वेळच छापावी. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये मी राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल.

पत्रकाची प्रत, फोनचा तपशील आणि धावण्याची वेळ मोजणाऱ्या चिपची नोंद सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू