नंदू, ‘बेस्ट-ऑफ’ का घेतलं ते सांगतो

मँचेस्टर,
८ डिसेंबर २०१९

प्रिय नंदू,

तुझा मेसेज मिळाला. ‘इतकी वर्षं मँचेस्टरात काढलीस आणि शेवटी बझकॉक्सच्या निवडक गाण्यांचं बेस्ट-ऑफच घेतलंस?’ एवढंच लिहिलंयस, पण मिरजेत बसून मान हलवणारा तू मला इथून दिसलास. फोनवर दोन शब्दांत उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून रात्रपाळीवरून आल्या आल्या चहा ठेवला आणि कागद घेऊन बसलो. बाहेर आठ वाजले तरी उजाडलेलं नाही.

परवा, ६ तारखेला, इथल्या बझकॉक्स या पंक बँडचा गायक पीट शेली याला जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी मी ओल्डहॅम स्ट्रीटवर गेलो आणि ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ घेऊन आलो. यंदा डॉमिनो कंपनीनं ती तबकडी नव्यानं छापलीय. बझकॉक्सची आठ सिंगल्स (पुढे एक आणि मागे एक गाणं असलेल्या छोट्या तबकड्या), म्हणजे सोळा गाणी. पहिल्या बाजूला आठही सिंगल्सची पुढची गाणी ओळीनं, आणि दुसऱ्या बाजूला त्यांचीच मागची गाणी, त्याच क्रमानं. निवड अशी काही केलेलीच नाही. तुझा सगळा राग ‘निवडक’वर असतो ना, म्हणजे कुणीतरी तिसऱ्यानं बसून बरं-वाईट ठरवायचं आणि आपण ते मुकाट्यानं ऐकायचं. इथे तसं झालंच नाही. जे निघालं ते सगळं, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं.

हॉस्टेलवर तू मला सांगायचास की बँड ऐकायचा तर अल्बम ऐक, अख्खा ऐक, मधलं काही गाळू नकोस. ते मी पाळलं आणि पुष्कळ बँडच्या बाबतीत ते खरंही ठरलं. पण इथे हिशेब मांडून बघ. पहिलं सिंगल निघालं नोव्हेंबर १९७७ मध्ये आणि आठवं जुलै १९७९ मध्ये. पावणेदोन वर्षांत आठ. त्या आठांतली फक्त दोन पुढची गाणी त्यांच्या इंग्लंडमधल्या अल्बमांवर आली. मागच्या आठांतलीही दोनच. म्हणजे सोळापैकी बारा गाणी, तुझ्या नियमानं अल्बमच ऐकणाऱ्या माणसाच्या कानावर कधी पडलीच नसती. ‘व्हॉट डू आय गेट?’ नाही, ‘लव्ह यू मोअर’ नाही, ‘हार्मनी इन माय हेड’ नाही. हा बँड सिंगलमध्येच विचार करायचा, आणि अल्बम हे त्यांचं दुसरं काम होतं, असं माझं मत झालंय.

तुझ्याच घरचं उदाहरण देतो. आजोबांच्या कपाटात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या होत्या. खाँसाहेब मैफलीत तासभर राग मांडणारे, पण तबकडीला मिळायची तीन-साडेतीन मिनिटं. आजोबा ती लावायचे तेव्हा ‘हे अर्धवट आहे’ असं म्हणाल्याचं तुला आठवतंय? उलट ऐकून झाल्यावर तबकडी उलटायचे आणि आपल्याला गप्प बसवायचे. कारण तेवढ्याच वेळात गाणं पुरं करायची ती वेगळी कारागिरी होती. ‘लव्ह यू मोअर’ पावणेदोन मिनिटांचं आहे. प्रेमात पडणं, शपथा, सगळं होतं आणि शेवट असा येतो, की वाक्य संपायच्या आत दार लागावं. आणखी अर्धं मिनिट चाललं असतं तर ते गाणं पडलं असतं.

आता इथल्या लोकांचं ऐक, कारण त्यांच्यातही तुझ्यासारखे निघाले, फक्त त्यांचं कारण वेगळं आहे.

आमच्या वॉर्डात पेशंटना ने-आण करणारा एक माणूस आहे, साठीचा. १९७८ मध्ये तो अठराचा होता. मी तबकडी घेतल्याचं त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. त्याच्याकडे आठही सिंगल्स सुटी आहेत, माल्कम गॅरेटनं केलेल्या कव्हरांसकट. त्यांतलं पहिलं मी त्याच्या घरी हातात धरून पाहिलं. पिवळ्या कागदावर निळ्या छपाईत एका बाईचं उघडं शरीर आणि डोक्याच्या जागी इस्त्री. ते चित्र लिंडर नावाच्या कलाकारानं कात्रणं चिकटवून केलेलं. गाणं होतं ‘ऑर्गॅझम ॲडिक्ट’, जे बीबीसीनं वाजवायलाच नकार दिला होता. कडा झिजलेल्या, कोपऱ्यावर जुन्या किमतीच्या चिकटपट्टीचा डाग. तो म्हणाला, दोन सिंगल्सच्या मध्ये आम्ही तीन-तीन महिने वाट बघायचो, तुमच्या तबकडीवर त्या जागी तीन सेकंदांची शांतता आहे. त्याच्या लेखी ‘व्हॉट डू आय गेट?’ म्हणजे तो हिवाळा आणि बोल्टनला जाणारी बस. ती गाणी एका रांगेत उभी केली की त्याच्या आयुष्यातले ते महिने कुणीतरी पुसल्यासारखे त्याला वाटतात.

या माणसाशी मला वाद घालता आला नाही. मी तिथे नव्हतो. माझा जन्मही झाला नव्हता.

पण दुसरी बाजू अशी, की ही तबकडी मुळात त्याच्यासाठी काढलेलीच नव्हती. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये ती फक्त अमेरिकेत निघाली, आयआरएस कंपनीची, बँडचा तिकडचा दौरा होता म्हणून. तिकडच्या पोरांना बझकॉक्स ठाऊकच नव्हते आणि त्यांची सुटी सिंगल्स मिळण्याची सोय नव्हती. इंग्लंडमध्ये ती यायला १९८१ उजाडलं, तोवर बँड मोडला होता. म्हणजे हे उंबऱ्याबाहेरच्यांसाठी केलेलं दार आहे, आणि आपण दोघे त्याच दारातून आत गेलो, नंदू. आपल्याकडे आली ती सीडी आठवते? वर काळ्या मार्करनं फक्त ‘बी-कॉक्स’ लिहिलेलं, गाण्यांची नावं नाहीत. तुला वाटत होतं तो एक अल्बम आहे. मलाही वाटत होतं. इथे आल्यावर क्रम ताडून पाहिला तेव्हा कळलं, की तू माझ्या डोक्यात ‘संग्रह ऐकू नये’ हे भरवत होतास तेव्हा आपण रात्र-रात्र संग्रहच ऐकत होतो.

फक्त आपल्या सीडीवर सोळानंतर आणखी आठ गाणी होती, ती २००१ च्या आवृत्तीत नंतरच्या सिंगल्समधून जोडलेली. याबाबत इथल्या बऱ्याच चाहत्यांचं म्हणणं मला पटतं, की ती नको होती. गाणी वाईट नाहीत, पण तबकडीचा शेवट त्यांनी मोडतो. तो शेवट मी काल पहिल्यांदा नीट ऐकला. सोळावं गाणं, ‘समथिंग्ज गॉन राँग अगेन’. पियानोचा एकच सूर, टिण टिण टिण, कुणी बोट ठेवून विसरल्यासारखा गाणंभर वाजत राहतो, आणि वर शेली सकाळपासून काय-काय बिघडलं ते सांगतोय. मोजा सापडत नाही, दाढी करताना कापलं, बस चुकली. मोठं दुःख कुठेच नाही. ते संपतं, सुई आतल्या खाचेत जाते आणि खर्र, खर्र करत फिरत राहते. मी उठलो नाही. तशीच फिरू दिली.

बँडमधला खरा समतोलही मला मागच्या बाजूनंच कळला. ‘व्हाय कान्ट आय टच इट?’ हे साडेसहा मिनिटांचं गाणं, या बँडच्या मानानं केवढं लांब. डाव्या कानात एक गिटार, उजव्या कानात दुसरी, शेली आणि स्टीव्ह डिगल एकमेकांना सवाल-जबाब करतात. आपल्या त्या एका स्पीकरवर हे कधी ऐकूच आलं नाही! आणि खाली जॉन मारचे ड्रम, कुठेही घाई नाही. ‘एव्हर फॉलन इन लव्ह’मध्ये घोडे उधळल्यासारखा वाजवणारा हाच मुलगा.

त्या गाण्याबद्दल वेगळं लिहायचं होतंच. १९७८ मध्ये ते बाराव्या नंबरापर्यंत चढलं, बझकॉक्सचं सगळ्यात वर गेलेलं गाणं. आदल्या नोव्हेंबरात बँड एडिनबरामध्ये होता. गेस्टहाऊसच्या टीव्हीवर एक जुना संगीतपट लागला होता, त्यातल्या एका संवादानं शेलीचं लक्ष वेधलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाबाहेर गाडीत बसून त्यानं शब्द लिहिले. ते शब्द मी गेल्या आठवड्यात तुझ्यासाठी मराठीत करायला बसलो आणि गाण्याच्या नावापाशीच अडलो. ‘पडलास’ की ‘पडलीस’? इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की भागतं. शेलीला पुरुषही आवडायचे आणि स्त्रियाही, आणि गाण्यात ‘तो’ की ‘ती’ हे कळू द्यायचं नाही, हे त्यानं ठरवून केलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला आपलं माणूस तिथे ठेवता येतं. मराठी क्रियापद मात्र लगेच विचारतं, बोलतोयस कुणाशी. दोन तास घालवले. शेवटी एकाच गाण्याचं नाव जमलं, ‘व्हॉट डू आय गेट?’चं: ‘मला काय मिळतं?’ त्यात कुणीच नाही आणि सगळे आहेत.

त्या साठीच्या माणसाला मी हे सांगितलं, अडखळत. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्याच्या धाकट्या भावाला कुणाबद्दल काय वाटतं ते १९७८ मध्ये घरात बोलायची सोय नव्हती, आणि तो भाऊ ‘एव्हर फॉलन इन लव्ह’ हे एकच सिंगल दार लावून दिवसभर लावायचा. आई ओरडायची, दुसरं काही नाही का तुझ्याकडे. जूनमध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बझकॉक्सचा कार्यक्रम झाला तेव्हा दोघे भाऊ बरोबर गेले होते. तो कार्यक्रम शेली असतानाच ठरलेला, पण गेल्या डिसेंबरात तो एस्टोनियात टालिनमध्ये वारला, ६३ व्या वर्षी, आणि मग ती त्याची श्रद्धांजलीच झाली. डिगल होता, आणि शेलीच्या जागी पाळीपाळीनं त्याचे समकालीन आणि नंतरचे गायक येऊन गायले. ‘कोण गातंय इकडे आमचं लक्षच नव्हतं,’ तो म्हणाला, ‘सगळा हॉलच गात होता.’ आणि मग, नंदू, त्यानंच सांगितलं की भावाकडे सिंगल्स उरलेली नाहीत, घर बदलताना गेली. त्याच्याकडे आहे ती ही तबकडी. माझ्यासारखीच.

एक तक्रार मात्र मीही करीन. ‘स्पायरल स्क्रॅच’, त्यांची चार गाण्यांची अगदी पहिली तबकडी, यात नाही. जानेवारी १९७७, उसने ५०० पौंड घेऊन स्वतःच काढलेल्या हजार प्रती, गायला बँडचा तेव्हाचा गायक हॉवर्ड डिव्होटो. त्यातल्या ‘बोअरडम’मध्ये शेलीचा दोनच सुरांचा गिटारचा तुकडा आहे. ते घेतलं असतं तर सिंगल्सचा क्रम बिघडला असता, हे कळतं मला. तरी हळहळ वाटते. ते वेगळं शोधतोय, जुनी प्रत परवडणार नाही, पण नवी छापलेली मिळेल.

आई फेब्रुवारीत परत निघतील. त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये तुझ्यासाठी एक प्रत ठेवतोय, मी घेतलेली दुसरी. विष्णूकाकांचा टर्नटेबल चालू असेल तर त्यावर लाव, आजोबांच्या ग्रामोफोनवर नको, त्याची सुई हिला फाडून काढेल. आधी दुसरी बाजू ऐक. दोन्ही स्पीकर लांब लांब ठेव आणि मधोमध बस.

आणि ‘पडलास-पडलीस’चं काही सुचलं तर लगेच कळव. तुझं मराठी माझ्यापेक्षा नेहमीच बरं होतं.

काकूंना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
अवी