प्लास्टर रूममधल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणं) असलेल्या मुलाचं पाऊल सरळ झालं की पेढे सर्जनच्या केबिनमध्ये जातात. जावेतच. पण ऑपरेशनमध्ये मिळालेला घोट्याचा कोन पुढचे सहा आठवडे सांभाळतं ते तुमच्या हातचं प्लास्टर. त्यानंतर ही मुलं व्यायामाला आमच्याकडे येतात, म्हणून हे जाहीर आभार.

चवड्यावर चालणाऱ्या मुलाचा गुडघा सरळ असताना पाऊल वर येत नाही, पण गुडघा वाकवल्यावर येतं, तर आखडलेला असतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, म्हणजे पोटरीचा वरचा स्नायू. मग तेवढाच सैल करतात, टाचेमागच्या दोरीसारख्या अकिलिस टेंडनला हात लावत नाहीत. दोन्ही वेळा अडलं, तर टेंडन लांबवण्याचा विचार. ही सिल्फव्हरशोल्ड चाचणी करताना टाच किंचित आत वळवून धरावी लागते, नाहीतर पाऊल मधूनच वाकतं आणि घोटा हलल्याचा भास होतो.

प्लास्टर घालताना नेमकी हीच गफलत होते. नवा रेसिडेंट चवडा धरून वर ढकलतो; टाच वरच राहते आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. तुम्ही गुडघा वाकवून घेता, टाच तळहातात बसवता आणि पाऊल काटकोनात आलं की थांबता. हे थांबणं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. नुकता लांबवलेला टेंडन आणखी ताणला तर पोटरीचा जोर जातो आणि मूल गुडघे वाकवून, खचल्यासारखं चालू लागतं. आखडलेला टेंडन पुन्हा सोडवता येतो. ढिला पडलेला ताळ्यावर आणणं फार अवघड.

पाऊल आत वळलेलं असेल आणि टिबिअ‍ॅलिस अँटिरिअर या पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूच्या टेंडनचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूला नेऊन बसवला असेल, तर पाऊल प्लास्टरमध्ये आत सरकता कामा नये; टाक्यावर ताण येतो.

पाणी साधं घ्यायचं, कारण गरम पाण्यात पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) लवकर आवळतं आणि जास्त तापतं. टाचेवर आणि दोन्ही घोट्यांवर कापसाचा जादा थर, वरची कड फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बाहेरच्या हाडाच्या) डोक्याखाली दोन बोटं, बोटांखाली आधाराची पट्टी. ओलं प्लास्टर रबरी उशीवर टेकवलेलं तर तुम्हाला खपतच नाही!

खरा धोका टाचेचा. ऑपरेशननंतर स्पॅझम (स्नायूंचे झटके) वाढतात, प्रत्येक झटक्याला टाच प्लास्टरवर दाबली जाते, आणि बोलता न येणारं मूल नुसतं रडतं. रडून रडून ते अचानक शांत झालं की घरच्यांना हायसं वाटतं. पण कातडी मेली तरी दुखणं थांबतं. म्हणूनच अशा रडण्याला ‘हट्टी आहे’ न म्हणता तुम्ही प्लास्टर चिरता, आणि आतला कापूसही कातडीपर्यंत कापता. कापूस तसाच राहिला तर दाब पुरता उतरत नाही, हे वॉर्डात अजूनही सांगावं लागतं.

चाचण्यांना आणि ऑपरेशनांना सर्जनांची नावं आहेत: सिल्फव्हरशोल्ड, स्ट्रेयर, इव्हान्स. प्लास्टर घालणाऱ्याचं नाव कशालाच नाही.

आणखी एक. प्लास्टर बदलतानाच तुम्ही एएफओसाठी (घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटसाठी) माप घेऊन ठेवायला लावता, त्यामुळे प्लास्टर निघतं त्याच दिवशी स्प्लिंट पायात चढतो. मधले दिवस वाया जात नाहीत, त्याबद्दलही मनापासून आभार.

आपले,
फिजिओथेरपी विभागातले सहकारी