मारुती ८००च्या इंटिरिअर आणि ऑडिओ किटबद्दल तक्रार : गाडी जुनी असली तरी माल नवा होता

दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

आमच्या घरी २००७ सालची मारुती ८०० आहे. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा ओरोसच्या आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. इंजिनाची अजून तक्रार नाही. सासरे आता नाहीत. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या उपचारांसाठी कुडाळला न्यावं लागतं आणि वेंगुर्ल्याजवळच्या ज्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथे जायलाही हीच गाडी. पण सीटचा फोम पार बसला होता, रेक्झिन फाटलं होतं आणि ज्या कॅसेट प्लेअरवर सासरे मिडियम वेव्हला आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरच्या बातम्या लावायचे, तो मुका होऊन कैक वर्षं झाली होती. नवी गाडी आमच्या ऐपतीत बसत नाही. भिशीचे तीस हजार हाती आले, तेव्हा हीच गाडी आतून नीट करून घ्यायची ठरवली.

एप्रिलमध्ये तुमच्या वेबसाइटवर किट मागवलं. गाडीचं नाव आणि साल निवडायच्या यादीत ‘मारुती ८००, २००० ते २०१०’ असा पर्याय तुम्हीच दिलेला आहे, मी तोच निवडला. सीट कव्हर आणि फोम ६,८०० रुपये, कार्पेट ४,२००, स्टिरिओ ७,५००, चार स्पीकर ५,०००, कुडाळच्या तुमच्या अधिकृत केंद्रात फिटिंग ४,०००. एकूण २७,५०० रुपये. १९ मे रोजी गाडी फिट होऊन मिळाली.

आधी चांगलं ते सांगते. सीटबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. शिलाई पक्की आहे, फोम दाट आहे, आणि सासूबाई कुडाळहून परतताना पहिल्यांदाच पाठ दुखते म्हणाल्या नाहीत. ज्याने ते काम केलं त्या कारागिराला माझा निरोप द्या.

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडीत कुबट वास यायला लागला. पुढच्या डाव्या स्पीकरचा आवाज आधी खरखरला, मग फाटल्यासारखा झाला. पायाखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर यायचं. आम्हाला वाटलं, पुढच्या काचेचं रबर गळत असेल. नळीने पाणी मारून पाहिलं, तिथून एक थेंब आत येत नव्हता. शेवटी गावातल्या ओळखीच्या मेकॅनिकने डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडलं आणि विचारलं, “बाई, दाराच्या आतला प्लास्टिक खंय गेला?”

हा मुद्दा तुमच्या केंद्राने नीट समजून घ्यावा म्हणून थोडं सविस्तर लिहिते. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी थोडं तरी दाराच्या पोकळीत उतरतंच, आणि ते बाहेर जायला दाराच्या तळाशी भोकं असतात. हे पाणी गाडीत येऊ नये म्हणून पॅडच्या मागे पत्र्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तुमच्या माणसाने पुढच्या दोन्ही दारांचा तो कागद ओरबाडून काढला आणि परत लावलाच नाही. त्यामुळे दारातलं पाणी थेट स्पीकरच्या पाठीवर आणि तिथून खाली कार्पेटवर. स्पीकरचा कोन, म्हणजे आतला शंकूसारखा पडदा, साध्या कागदाचा, तो भिजून लगदा झाला. कार्पेटखाली जाड नमदा गोंदाने चिकटवलेला, तो उचलून वाळवताही येईना. मी फोनवर साधे रबरी मॅट मागितले होते. विक्री प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, हे कार्पेट कोकणातल्या पावसाला चालतं.” ऑगस्टमध्ये नमदा खरवडून काढला तर त्याच्यावर हिरवी बुरशी आणि खालच्या पत्र्याला नखाएवढे गंजाचे फोड. अठरा वर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, घरामागच्या माडांखाली उभी राहिलेली ही गाडी. सासरे दर पावसाळ्याआधी खाली वाकून तळ बघायचे, तेव्हा कुठे तो पत्रा टिकला होता. हे फोड पाहून मला फार वाईट वाटलं, आणि तेही लिहिणं मला गरजेचं वाटतं.

पण पत्र लिहायला बसले ते वायरिंगमुळे.

२६ जूनला सासूबाईंना घेऊन कुडाळला निघाले होते. मठ गाव ओलांडल्यावर जळकट वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर. गाडी बाजूला घेतली, त्यांना धरून भर पावसात उतरवलं आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वायर सोडली. पाना गाडीत ठेवायची सवय सासऱ्यांची, म्हणून तो हाताशी होता. नंतर इलेक्ट्रिशियनने दाखवलं ते असं : स्टिरिओची पिवळी वायर थेट बॅटरीवर नेलेली, बॅटरीजवळ फ्यूज नाही. इंजिनाकडून आत येताना ती पत्र्याच्या भोकातून नेली आहे, पण त्या भोकाला रबरी बूच नाही. महिनाभराच्या हादऱ्यांनी वायरचं आवरण कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. सेटच्या मागे फ्यूज आहे, पण तो वायरच्या दुसऱ्या टोकाला. मधेच शॉर्ट झाल्यावर त्याचा काय उपयोग? बॅटरीपासून वीतभर अंतरात दहा-वीस रुपयांचा फ्यूज लावला असता तर तो उडाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

तुमच्या जाहिरातीत ‘एकही वायर न कापता, कपलरने जोडणी’ असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात कंपनीचा मूळ कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून टाकला आहे आणि वायरी पिळून त्यांच्यावर टेप गुंडाळली आहे. इथल्या दमट हवेत तिचा गोंद सुटला, आतलं तांबं हिरवं पडलं. किल्लीवर चालणारी लाल वायर आणि थेट बॅटरीची पिवळी वायर एकत्र जोडल्यामुळे किल्ली काढली तरी सेटला वीज चालूच राहायची. दोनदा सकाळी स्टार्टर नुसता टकटक वाजला आणि मला शाळेला उशीर झाला.

खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलं आहे. सेटच्या मागचा फ्यूज १० अँपिअरचा. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले तरी १४ गुणिले १० म्हणजे १४० वॅट, आणि तेही सेट बॅटरीकडून घेतो तेवढे. त्यातून सलग २०० वॅट बाहेर कसे पडणार? माझ्या नववीच्या मुलांनाही हे गणित येतं. मला मोठ्या आवाजाची हौस नव्हती, त्यामुळे यासाठी पैसे मागत नाही. पण खोक्यावर खरा आकडा छापा.

मी तीन ईमेल केले. ७ ऑगस्टला उत्तर आलं ते एका ओळीचं : वाहन १८ वर्षे जुने असल्याने वॉरंटी लागू होत नाही. वॉरंटी कार्डावर एक वर्ष लिहिलं आहे, गाडीच्या वयाची अट त्यात कुठेही नाही. साल पाहूनच तुम्ही पैसे घेतलेत. आणि प्लास्टिक काढणं, फ्यूज न लावणं, कपलर कापणं, यातलं काय गाडीच्या वयामुळे झालं?

माझी मागणी एवढीच आहे. फिटिंगचे ४,०००, कार्पेटचे ४,२००, पुढच्या दोन स्पीकरचे २,५०० आणि वायरिंग नव्याने करून घेतलं त्याचे १,८५०, मिळून १२,५५० रुपये परत करा. सीट, स्टिरिओ आणि मागचे स्पीकर मी ठेवते. बिलं, वॉरंटी कार्ड, जळलेल्या वायरचे आणि पत्र्याचे फोटो, इलेक्ट्रिशियनची पावती सोबत जोडली आहे. वायरचा तुकडाही जपून ठेवला आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेला फीही नाही.

पैशांपेक्षा तातडीची एक विनंती आहे. कुडाळच्या त्याच केंद्रात उन्हाळ्यात आणखीही गाड्या फिट झाल्या असतील. त्या सगळ्या ग्राहकांना फोन करून गाड्या परत बोलवा, बॅटरीजवळ फ्यूज आहे का आणि वायर पत्र्याला घासते का, एवढं फुकट तपासून द्या. त्यांच्याही गाडीत कुणी म्हातारं माणूस बसत असेल. हे काम सुरू केल्याचं मला कळवा. शाळा सुटल्यावर, संध्याकाळी पाचनंतर मी फोनवर असते.

आपली ग्राहक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग