जीनिव्हात दिलेला शब्द कोणत्या टेबलावर आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाचा जीनिव्हातील मानवी हक्क परिषदेत काही वर्षांनी आढावा घेतला जातो आणि इतर देश त्याला शिफारशी करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताचा चौथा आढावा झाला. १३० देशांनी केलेल्या ३३९ शिफारशींपैकी २२१ भारताने स्वीकारल्या, उरलेल्या ११८ शिफारशींची केवळ नोंद घेतली. स्वीकारलेल्या प्रत्येक शिफारशीचे पुढे काय झाले, हे नागरिकाला पाहता येईल अशी सरकारी नोंदवही निदान माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचेच पाहा. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली, परंतु अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेणे, अजून झालेले नाही. २००८च्या पहिल्या आढाव्यात याबाबत शिफारस झाली, तेव्हा प्रक्रिया चालू असल्याचे सांगण्यात आले. पुढच्या तिन्ही आढाव्यांत तीच शिफारस पुन्हा आली. मधल्या काळात, २०१० मध्ये, लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक संमत केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर ते व्यपगत, म्हणजे आपोआप बाद, झाले. विधी आयोगाने २०१७च्या २७३व्या अहवालात अनुसमर्थनाची बाजू घेऊन विधेयकाचा नवा मसुदाही सादर केला. इतके काम होऊनही प्रकरण नेमके कोणाकडे अडले आहे, हे विचारायचे कोणाला, याचे उत्तर मिळत नाही.

पॅराग्वेसारख्या लहान देशाने यावर उपाय शोधला आहे. तेथे २०१४ पासून ‘सिमोरे’ नावाची संगणकीय नोंदप्रणाली असून, देशाला मिळालेल्या शिफारशी, त्या कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतात आणि त्यावर काय केले, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. माहिती भरण्यासाठी खात्याखात्यांत अधिकारी नेमलेले आहेत. मला यातले महत्त्वाचे वाटते ते संगणकापेक्षा अधिकारी नेमणे, कारण जबाबदार माणूस ठरला की पाठपुरावा करता येतो.

आपल्याकडे तर याची गरज अधिक आहे. जीनिव्हात उत्तर देण्याचे काम परराष्ट्र मंत्रालय पाहते, पण पोलीस हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. कोठडीतील वागणुकीबद्दल दिलेला शब्द महाराष्ट्राच्या गृह विभागापर्यंत आणि तेथून पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो पाळणार कोण? म्हणून नोंदवहीत केंद्रीय मंत्रालयांबरोबर राज्यांचे संबंधित विभागही असावेत, ती मराठीसह भारतीय भाषांत खुली असावी आणि दर सहा महिन्यांनी अद्ययावत व्हावी.

पाचव्या आढाव्याची तयारी सुरू होण्यापूर्वी महाराष्ट्रातील खासदारांनी संसदेत लेखी प्रश्न विचारून त्या २२१ शिफारशींचे खातेनिहाय विवरण मागावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा